अधांतरी थांबण्याची विद्या

रिमोटवरचं हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचलणारा माणूस तीन-चार सेकंदांत घाबरतो. रोटरचा आवाज चढतो, जमिनीवर टेकणाऱ्या दांड्या, म्हणजे स्किड, गवतापासून सुटतात आणि यंत्र जिथून उठलं तिथे न थांबता डावीकडे सरकू लागतं. उडवणारा स्टिक उजवीकडे ढकलतो. क्षणभर काहीच होत नाही, म्हणून तो आणखी ढकलतो. आता हेलिकॉप्टर उजवीकडे निघतं, आणि आधीपेक्षा दुप्पट वेगाने. तो घाईने स्टिक डावीकडे नेतो. दर झोका मागच्यापेक्षा मोठा होत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला पातं जमिनीला लागतं.

विमानाचं मॉडेल शिकणाऱ्याला ही परीक्षा द्यावी लागत नाही. नीट तोललेलं, पंख किंचित वर वळवलेलं शिकाऊ विमान स्टिकवरची बोटं काढली तरी बराच वेळ आपलं आपण सरळ जातं. गोंधळ झाला की हात सैल सोडा, असंच शिकवणारा सांगतो. हेलिकॉप्टरवर हात सैल सोडला की ते पडतं. त्याचं एका जागी थांबणं, म्हणजे हॉवर, ही विश्रांतीची अवस्था नसून सतत चाललेली दुरुस्ती असते. त्यामुळे इथे शिक्षणाचा क्रम उलटा आहे. विमान आधी पुढे जायला शिकतं. हेलिकॉप्टरच्या शिकाऊला आधी थांबायला शिकावं लागतं.

पहिल्या उड्डाणात जे होतं त्यात दोष बोटांचा नसतो. तो नजरेचा असतो, आणि हे आकड्यांत मांडता येतं. समजा, 70 सेंटिमीटर व्यासाचा रोटर असलेलं हेलिकॉप्टर 5 अंश कललं. म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चकतीची एक कड 3 सेंटिमीटर खाली गेली आणि समोरची तेवढीच वर आली. पाच-सहा मीटरवर उभ्या असलेल्या नवख्याला एवढा फरक जाणवतही नाही. पण वर उचलणारं बल आता थोडं तिरकं झालेलं असतं आणि त्याचा आडवा भाग यंत्राला बाजूला ढकलू लागतो. पहिल्या सेकंदाअखेर हेलिकॉप्टर जेमतेम 40 सेंटिमीटर सरकतं. दुसऱ्या सेकंदाअखेर 1.7 मीटर. तिसऱ्याअखेर ते 4 मीटरच्या आसपास गेलेलं असतं आणि वेग सेकंदाला अडीच मीटर झालेला असतो. जो माणूस जागा बदलल्याचं पाहून हात हलवतो, तो दुसऱ्या सेकंदाला जागा होतो. जो कल पाहून हात हलवतो, त्याचं काम पहिल्या सेकंदाच्या आतच संपतं.

लहानपणी आपण तळहातावर काठी उभी तोलत असू. हाताकडे बघत ती तोलायला गेलं की लगेच पडायची आणि वरच्या टोकावर डोळे खिळवले की उभी राहायची. टोक झुकू लागतं तेव्हाच हात त्याच्याखाली जायला हवा. हेलिकॉप्टर शिकणं हे याच जातीचं काम आहे; डोळ्यांनी कुठलं टोक बघायचं ते आधी ठरलं पाहिजे.

स्टिकचा अर्थही इथे नीट समजून घ्यावा लागतो, कारण तो गाडीच्या स्टिअरिंगसारखा नाही. स्टिक किती ढकलली यावरून हेलिकॉप्टर किती कलेल हे ठरत नाही, ते कोणत्या वेगाने कलत जाईल हे ठरतं. स्टिक मध्यावर आणली म्हणजे कलणं थांबलं. झालेला कल मात्र तसाच राहिला. म्हणजे हेलिकॉप्टर एक मीटर उजवीकडे नेऊन थांबवायचं असेल तर किती हालचाली लागतात पाहा. उजवीकडे ढकला, कल तयार होईल. मध्यावर आणा, कल टिकेल आणि वेग वाढत जाईल. डावीकडे ढकलून सपाट करा. आता कल गेला, पण वेग उरला आहे. आणखी डावीकडे ढकलून उलटा कल द्या म्हणजे ब्रेक लागेल. मध्यावर आणून थांबा. वेग संपता संपता पुन्हा उजवीकडे ढकलून सपाट करा. एका मीटरसाठी एवढी कसरत, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत, मिलिमीटरभर हालचालींनी. अनुभवी माणसाची बोटं पाहिली तर ती स्थिरच वाटतात, कारण दुरुस्त्या इतक्या लहान आणि इतक्या लवकर होतात. नवख्याला शिकायची सवय नेमकी हीच आहे: द्या, आणि दिलेलं लगेच काढून घ्या.

बोटांच्या हाती चार गोष्टी असतात. सध्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मांडणीत, म्हणजे मोड 2 मध्ये, डावी स्टिक वर-खाली केली की हेलिकॉप्टर वर-खाली जातं आणि डावी-उजवी केली की नाक वळतं. उजवी स्टिक यंत्राला पुढे-मागे आणि बाजूंना कलवते. मोड 1 मध्ये यांतल्या दोन गोष्टींची अदलाबदल असते. कोणता मोड चांगला, यावर वाद घालत बसू नये. तुमच्या मैदानावर तुम्हाला शिकवणारा जो वापरतो तोच घ्यावा, म्हणजे अडचणीच्या क्षणी त्याला रिमोट हातात घेता येतो.

नाक वळवण्याची आज्ञा शेपटीच्या रोटरकडे जाते; बाकीच्या तीन मुख्य पात्यांपर्यंत पोहोचतात त्या स्वॅशप्लेटमार्फत. मुख्य दांड्याभोवती बसवलेल्या या दोन चकत्यांपैकी खालची फिरत नाही, वरची रोटरबरोबर फिरते. लहान सर्व्हो मोटर खालच्या चकतीला वर-खाली किंवा तिरकी करतात आणि वरची तिच्या मागोमाग जाते. दोन्ही चकत्या सरळ वर सरकल्या की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. याला कलेक्टिव्ह म्हणतात. चकत्या तिरक्या झाल्या की पात्याचा कोन फेरीच्या एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घटतो, हे सायक्लिक. इथे निसर्गाची एक गंमत आहे. फिरत्या वस्तूवर दिलेल्या जोराचा परिणाम साधारण पाव फेरी उशिरा दिसतो. बहुतेक मॉडेलचा रोटर वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. अशा रोटरला पुढे झुकवायचं तर पात्याचा कोन उजव्या बाजूला वाढवावा लागतो, म्हणजे ते पातं शेपटीकडे पोहोचेपर्यंत वर उचललं जातं आणि नाक खाली जातं. हा हिशेब यंत्र बनवणाऱ्याने आधीच जुळवून ठेवलेला असतो, उडवणाऱ्याला तो करावा लागत नाही. पण स्वॅशप्लेट पहिल्यांदा हाताने हलवून पाहताना हे माहीत असलं की समोर काय चाललंय ते कळतं.

सुरुवातीला हेलिकॉप्टर डावीकडेच का सरकलं, याचंही उत्तर याच यंत्रणेत आहे. मुख्य रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो तेव्हा सांगाडा उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला अडवायला शेपटीचा छोटा रोटर शेपटीला डावीकडे ढकलत राहतो. फिरणं थांबतं, पण तो डावीकडचा धक्का सगळ्या यंत्राला लागतोच. तो रद्द करायला हॉवरमधलं हेलिकॉप्टर दोन-तीन अंश उजवीकडे कललेलं ठेवावं लागतं. म्हणजे अगदी सपाट दिसणारं हेलिकॉप्टर स्थिर नसतं, आणि स्थिर असतं ते किंचित कललेलं दिसतं. शिकणाऱ्याला हे आधी कुणी सांगितलं नाही तर तो ते सपाट करायला जातो आणि ते पुन्हा डावीकडे निघतं.

यांतलं डोलण्याचं मोठं कोडं मॉडेलवरच सुटलं, ही गोष्ट या छंदाला मी फार मोठी प्रतिष्ठा देणारी मानतो. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातून गणित शिकलेले आर्थर यंग पेनसिल्व्हेनियातल्या पाओली इथल्या एका जुन्या कोठारात 1930 च्या दशकात लहान हेलिकॉप्टरं उडवून पाहत होते. विजेची मोटर, तारेने जोडलेलं नियंत्रण, आणि मोडलं तर पटकन दुरुस्त होईल अशी बांधणी. त्यांची मॉडेल उचलायची आणि झोके मोठे होत होत आदळायची, म्हणजे आजच्या शिकाऊच्या पहिल्या उड्डाणासारखीच. यंग यांनी रोटरच्या पात्यांना काटकोनात, टोकांना वजन असलेली एक दांडी बसवली आणि ती पात्यांच्या कोनाला जोडली. सांगाडा डोलला तरी फिरणारी दांडी आपली पातळी सहजी सोडत नाही, आणि तिच्या आधाराने पातीही डोलणं कमी करतात. 1941 मध्ये त्यांनी बफेलो इथे बेल कंपनीसमोर हे मॉडेल उडवून दाखवलं आणि कंपनीने त्यांना कामावर घेतलं. त्यातून आलेल्या बेल 47 ला 8 मार्च 1946 रोजी अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळालेलं ते पहिलं हेलिकॉप्टर. आज त्याचा एक नमुना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात टांगलेला आहे.

रेडिओवर चालणारं आणि सामान्य हौशी माणसाला बांधता येईल असं मॉडेल यायला आणखी दोन-अडीच दशकं लागली. जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी 1970 च्या सुमारास ते सिद्ध केलं. त्यानंतर कित्येक वर्षं मॉडेलच्या डोक्यावर वल्ह्यासारख्या दोन छोट्या फळ्या लावलेली आडवी दांडी दिसायची. साधारण 2010 पासून ती गेली, कारण तिचं काम इलेक्ट्रॉनिक गायरो करू लागले. तांदळाच्या दाण्याएवढी चिप सेकंदाला शेकडो वेळा यंत्राचं फिरणं मोजते आणि सर्व्होंना आज्ञा देते. आजच्या शिकाऊचं काम त्यामुळे 1980 मधल्या माणसापेक्षा पुष्कळ सोपं झालं आहे. तरी गायरो यंत्राला न मागितलेलं कलणं करू देत नाही, एवढंच; ते कुठे सरकतंय हे त्याला दिसत नाही. तो भाग डोळ्यांचाच राहतो.

आता कोणतं यंत्र घ्यावं? दुकानात सर्वांत स्वस्त मिळतं ते एकावर एक असे उलट फिरणारे दोन रोटर असलेलं, कोॲक्सियल. त्याला शेपटीच्या रोटरची गरज नसते आणि ते स्वभावानेच सपाट राहतं. यांतली अनेक खेळणी इन्फ्रारेडवर चालतात, म्हणून उन्हात नेली की रिमोटचं ऐकत नाहीत. घरातल्या मुलाच्या हाती द्यायला ते उत्तम. त्यावर नाक कुठे, शेपटी कुठे याची ओळख होते. पण कल ओळखून तो काढून घ्यायची सवय त्यावर लागत नाही, कारण ते काम यंत्रच करतं. शिकायचंच ठरवलेल्याने माझ्या मते त्यावर फार दिवस घालवू नयेत.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक रोटर, शेपटी आणि ठरावीक कोनाची पाती असलेलं तळहाताएवढं हेलिकॉप्टर. वजन तीसेक ग्रॅम, त्यामुळे भिंतीला आपटलं तरी बहुधा काही मोडत नाही. याच्यात वर-खाली जाण्यासाठी रोटरचा वेगच बदलावा लागतो, म्हणून उंचीची आज्ञा जरा उशिरा लागू होते. खरं शिक्षण कलेक्टिव्ह असलेल्या यंत्रावर होतं. तिथे रोटरचा वेग कायम असतो आणि कोन बदलताच उंची बदलते. 450 म्हणून ओळखला जाणारा वर्ग अनेक वर्षं शिकाऊंचा आवडता राहिला आहे: 70 सेंटिमीटरच्या आसपास रोटर, पाऊण किलोच्या घरात वजन, तीन सेलची बॅटरी. त्याहून मोठं यंत्र हवेत अधिक शांत असतं आणि दुरून नीट दिसतं, पण आपटलं तर खर्चही मोठा आणि धोकाही.

धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. 450 वर्गाचा रोटर मिनिटाला सुमारे 2,700 फेऱ्या मारतो. तेव्हा पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने जात असतं. मोठ्या, दीड मीटर रोटरच्या यंत्रात हाच वेग ताशी 500 किलोमीटरच्या पुढे जातो. 2013 मध्ये न्यूयॉर्क शहरात असं मोठं हेलिकॉप्टर उडवताना एका सरावलेल्या तरुणाचा पातं लागून मृत्यू झाला. ते खेळणं नव्हतं आणि तुमच्या हातातलंही नसेल. बघायला आलेली माणसं, विशेषतः मुलं, उडवणाऱ्याच्या मागेच उभी राहिली पाहिजेत. रिमोटवर मोटर बंद करणारं बटण असतं, थ्रॉटल होल्ड. हेलिकॉप्टरजवळ जाताना ते दाबलेलंच हवं. आधी रिमोट चालू करायचा, मग हेलिकॉप्टरची बॅटरी जोडायची. संपवताना आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. टेबलावर जुळणी करताना मोटरच्या तारा सोडवून ठेवाव्यात.

लिथियम पॉलिमर बॅटरीलाही वेगळी शिस्त लागते. तिचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट असतो, आणि 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच वापरायची. 450 वर्गात हे साधारण पाच-सहा मिनिटांत होतं, आणि त्यासाठी रिमोटवर टायमर लावायचा. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचे. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. भरत असताना घर सोडून जायचं नाही, आणि भरायची ती मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब.

यंत्र हाती आलं तरी पहिले काही आठवडे सिम्युलेटरवर जावेत. खरा रिमोट संगणकाला जोडून पडद्यावर हेलिकॉप्टर उडवता येतं. पडद्यावरचं पडणं फुकट असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका बटणावर पुन्हा उडता येतं. मैदानावर यंत्र एकदा पडलं की सुटे भाग मागवण्यात आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात बोटं शिकत नाहीत. रोज वीस मिनिटं बसावं. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं, कारण हातांची कौशल्यं मधल्या विश्रांतीत आणि झोपेत पक्की होतात.

आजच्या अनेक यंत्रांत एक बटण दाबताच हेलिकॉप्टर आपोआप सपाट होऊन वर जातं. जाळी म्हणून ते जरूर ठेवावं. पण सतत सपाट ठेवणाऱ्या मोडमध्येच शिकू नये. त्या मोडमध्ये स्टिक मध्यावर सोडली की कल आपोआप जातो, म्हणजे स्टिकचा अर्थच बदलतो. ‘काढून घेण्याची’ सवय लागतच नाही, आणि तो मोड बंद केल्यावर सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

मैदानावर जायची वेळ सकाळची. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, देशावर सूर्योदयानंतरचा तासभर हवा जवळजवळ हलत नाही; दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत लहान यंत्राला भिरकावतात. किनाऱ्यावर तर सकाळ चढली की समुद्रावरचं वारं सुरू होतं. जागा सपाट आणि गवत आखूड हवं. उंच गवतात शेपटीचा रोटर अडकतो.

उड्डाणाआधीच्या तपासण्यांत एक अशी आहे की ती चुकली तर पहिलाच प्रयत्न शेवटचा ठरतो: गायरोची दिशा. मोटर बंद ठेवून हेलिकॉप्टर हातात धरायचं, नाक झटकन डावीकडे वळवायचं आणि शेपटीच्या पात्यांचा कोन नाकाला उजवीकडे आणण्यासाठी बदलतो का ते पाहायचं. उलट बदलत असेल तर गायरो वळणं थांबवण्याऐवजी वाढवेल आणि उचलताक्षणी यंत्र भोवऱ्यासारखं फिरेल. हीच तपासणी स्वॅशप्लेटचीही करायची. यंत्र पुढे झुकवलं की चकती मागे झुकून ते सावरू पाहते का? मग गुरुत्वमध्य: रोटर पकडून उचलल्यावर हेलिकॉप्टर नाकावर किंवा शेपटीवर न पडता आडवं राहायला हवं; नसेल तर बॅटरी पुढे-मागे सरकवायची.

स्किडखाली कार्बनच्या दोन दांड्या फुलीसारख्या बांधून टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावतात. रुंद बैठकीमुळे तिरकं उतरलेलं यंत्र उलटत नाही. पहिली सत्रं उचलायचंच नाही. कोन इतकाच वाढवायचा की यंत्र हलकं होऊन गुळगुळीत जमिनीवर घसरेल. नाक सरळ ठेवत त्याला पुढे, मागे, बाजूला घसरवायचं. कल आणि सरकणं यांचं नातं डोळ्यांना इथे पहिल्यांदा दिसतं.

मग उचलायचं, आणि वीतभर उंचीवर अडकून राहायचं नाही. खाली राहिलं तर सुरक्षित, असं प्रत्येकाला वाटतं. खरं तर रोटरच्या व्यासाहून कमी उंचीवर खाली फेकलेली हवा जमिनीवर आपटून उसळते आणि यंत्राला अस्वस्थ करते. 450 वर्गाचं हेलिकॉप्टर कमरेएवढ्या उंचीवर नेलं की ते आपोआप शांत झाल्यासारखं वाटतं. आपण सात-आठ मीटर मागे, शेपटी आपल्याकडे. नजर रोटरच्या चकतीवर ठेवायची आणि तिची कड खाली जाताना दिसली की बोट हलवायचं. नाक वळवताना मात्र नाकाकडेच बघायचं. नवखे शेपटी बघतात आणि स्टिक उलटी देतात. काही हाताबाहेर गेलं आणि आदळणारच असं दिसलं तर जमिनीला लागण्याआधी थ्रॉटल होल्ड. मोटर बंद असताना पडलेल्या यंत्राची पाती मोडतात. मोटर चालू असताना पडलं तर दातेरी चक्राचे दात, पात्यांना जोडणारा दांडा (फेदरिंग शाफ्ट) आणि शेपटीची नळीही जाते.

शेपटी आपल्याकडे ठेवून हॉवर जमला की माणसाला वाटतं, आलं. इथून पुढचं शिक्षण खरं लांबचं आहे. हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे वळलं की त्याची उजवी बाजू आपली डावी होते, आणि महिनाभर कमावलेल्या सगळ्या प्रतिक्रिया उलट्या पडतात. नाक समोर असताना ज्या बाजूला यंत्र कलतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, अशी एक युक्ती सांगतात. ती बरोबर आहे. पण यंत्र आडवं वळलेलं असताना ती उपयोगाची नाही, आणि युक्ती आठवेपर्यंत एक सेकंद निघून जातो. मला पटणारा रस्ता हळूहळू वळण्याचा आहे. शेपटी आपल्याकडे असताना नाक थोडं उजवीकडे वळवून तिथे हॉवर, ते सहज झालं की आणखी थोडं, मग पूर्ण आडवं, मग तिरकं समोर, शेवटी नाक थेट डोळ्यांसमोर. हेच डावीकडूनही. प्रत्येकाची एक बाजू सोपी असते आणि माणूस नकळत तिकडेच वळत राहतो. सरावाचा जास्त वेळ दुसऱ्या बाजूला द्यावा लागतो.

डोळ्यांना दिसायला काही हवं, ही गोष्ट यंत्रांनाही चुकलेली नाही. नासाचं इंजेन्युइटी हे पावणेदोन किलोचं, 1.2 मीटर रोटरचं हेलिकॉप्टर 19 एप्रिल 2021 रोजी मंगळावर पहिल्यांदा उडालं. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे भारतात जन्मलेले. जास्तीत जास्त पाच उड्डाणांचा बेत होता, झाली 72. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश पोहोचायलाच कित्येक मिनिटं लागत असल्यामुळे ते स्वतःच स्वतःला सावरत असे: खालच्या जमिनीची छायाचित्रं घेऊन त्यातले दगड, खुणा कशा सरकतात यावरून आपण कुठे चाललो हे ओळखत असे. 18 जानेवारी 2024 रोजी ते अशा वाळूवर होतं जिथे खुणाच फारशा नव्हत्या. आपण किती वेगाने सरकतोय हे त्याला नीट कळलं नाही, उतरताना आडवा वेग राहिला आणि पाती मोडली. शिकाऊच्या बाबतीत संध्याकाळच्या आकाशापुढे हेच घडतं. यंत्र काळी सावली होतं आणि नाक आपल्याकडे आहे की शेपटी, हे कळेनासं होतं. म्हणून नाकावरचं कवच भडक पिवळं किंवा केशरी असावं, मागे झाडी असावी आणि सुरुवातीला वीस-पंचवीस मीटरच्या पलीकडे जाऊ नये.

कायद्याची चौकटही माहीत हवी. भारतात 25 ऑगस्ट 2021 रोजी आलेल्या ड्रोन नियमांच्या कक्षेत रोटरवर उडणारी यंत्रंही येतात. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी, 25 किलोपर्यंतची यंत्रं ‘मॉडेल’ या वर्गात धरली आहेत. आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे हे डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर दिसतं; हिरव्या क्षेत्रात साधारणपणे 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे, विमानतळाजवळ बंधनं कडक. मुंबईत पोलिस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरची विमानं उडवायला बंदी घालणारे आदेश काढतात, तेव्हा त्या दिवसांचा आदेश पाहूनच बाहेर पडावं.

नाक समोर ठेवून एक बॅटरीभर हॉवर करता आला, की पुढे जायला हरकत नाही. हेलिकॉप्टरने पुढचा वेग घेतला की रोटरला सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि उचल वाढते. तेवढ्याच कोनात ते वर चढू लागतं. थांबताना हा फायदा जातो आणि ते अचानक खाली बसतं, म्हणून वेग कमी होत असताना कलेक्टिव्ह हळूहळू वाढवत न्यायचं. उंचावरून सरळ खाली झटकन उतरायचं नाही. यंत्र स्वतःच खाली फेकलेल्या हवेत सापडतं, आणि कोन वाढवला की उचल वाढण्याऐवजी ते आणखी वेगाने खाली जातं. त्यातून निघायचा रस्ता पुढे जाण्याचा आहे, म्हणून उतरणं नेहमी थोडं पुढे जात, तिरकं करायचं. पहिली वळणं आडव्या इंग्रजी आठच्या आकाराची, दोन्ही टोकांना आपल्यापासून दूर वळणारी. त्यात यंत्राचं नाक थेट आपल्याकडे कधीच येत नाही आणि घाबरण्याचा प्रसंग टळतो. हा आठ दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर, सारख्याच वेगाने होऊ लागला की मग तो उलटा, आपल्याकडे वळत, करायला घ्यावा. आणि त्या दिवशी बॅटरीचा टायमर एक मिनिटाने कमी लावावा, म्हणजे गोंधळ झालाच तर सावरून उतरायला बॅटरीत पुरेसा जोर उरतो.